मिरज-सांगलीत नवीन आलाय? मग आधी हे छोटे छोटे शब्द नीट बघून घ्या

नोकरीला, शिकायला किंवा घरचा पेशंट घेऊन जे पहिल्यांदाच मिरज-सांगलीत येतायत आणि ज्यांना काउंटरवर, रिसेप्शनला, बँकेत, बाजारात दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याला मेडिकलच्या दुकानात बसते, त्यामुळे उदाहरणं जास्त करून औषधाचीच येतील, पण पद्धत कुठल्याही कामाला चालेल.

आधी इथली परिस्थिती सांगते. मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि आज तर गावभर दवाखानेच दवाखाने आहेत. पेशंट नुसता सांगली-कोल्हापूरचा नसतो, अथणी, कागवाड, रायबाग, चिकोडी, पार विजापूरकडचा पण असतो. आपल्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यात कितीतरी घरांत कन्नड बोलतात. त्यात मिरजेतली दखनी हिंदी, बाहेरून कामाला आलेल्या माणसांची वेगळी हिंदी, बाजारपेठेत गुजराती-मारवाडी. म्हणजे एका तासात तुमच्यासमोर तीन-चार भाषा येऊन जातात आणि बऱ्याचदा एकाच वाक्यात दोन.

आता अडचण कुठे होते, तर मोठ्या अवघड शब्दांना होत नाही. कोणी 'गुळिगी' म्हणालं आणि तुम्हाला कळलं नाही तर तुम्ही थांबता, विचारता, समोरचा गोळी दाखवतो, काम होतं. अडचण होते ती ओळखीच्या छोट्या शब्दांनी. काल, खाली, मग, मेले, पीठ, की, का, या. हे कानावर पडलं की आपण विचारतच नाही कारण आपल्याला वाटतं कळलं. आणि तिथंच औषध चुकतं, तारीख चुकते, माणूस दुखावतो. म्हणून माझं नवीन मुलांना एवढंच सांगणं असतं की अनोळखी शब्दाची भीती सोडा, ओळखीच्या शब्दावर लक्ष ठेवा.

पायरी १: आधी भाषा ठरवा, मग अर्थ लावा

शब्द ऐकल्या ऐकल्या अर्थ लावायचा नाही. आधी वाक्य संपू द्या. वाक्याच्या शेवटाला भाषा कळते. 'है, था, गा' आलं की हिंदी. 'आहे, होतं, लागलंय' आलं की आपली. कन्नड माणूस बोलला तर शेवटाला 'ऐति' किंवा 'इल्ला' किंवा 'री' येईल, 'ऐति' म्हणजे आहे, 'इल्ला' म्हणजे नाही. 'री' हा आदराचा प्रत्यय आहे, 'बर्री' म्हणजे या, 'ऊट माडरी' म्हणजे जेवा. नवीन माणसाला हे 'री' आपल्या 'रे'सारखं ऐकू येतं आणि वाटतं की समोरचा अरेतुरे करतोय, प्रत्यक्षात तो तुम्हाला मान देत असतो. हे एवढं एक कळलं तरी निम्मे गैरसमज मिटतात, म्हणून पहिल्याच दिवशी हे लक्षात ठेवा.

दखनी हिंदीचं थोडं वेगळं आहे, त्यात आपला 'नको' आहे, आपला 'च' पण आहे, त्यामुळे शेवट ऐकूनसुद्धा क्षणभर गोंधळ होतो. तिथं क्रियापद बघायचं.

पायरी २: एका-दोन अक्षरांचे शब्द आधी पाठ करा

हे सगळ्यात जास्त वेळा येतात, त्यामुळे इथं जरा वेळ घालवा.

'आ' घ्या. डॉक्टर मराठीत म्हणतात 'आ करा', म्हणजे तोंड उघडा. हिंदीत 'आ' म्हणजे ये. कन्नडमध्ये 'आ' म्हणजे तो/ती/ते, लांबची वस्तू दाखवताना. आणि 'ई' म्हणजे हा/ही/हे, जवळची वस्तू. आता कन्नड आज्जी स्ट्रिप हातात धरून 'ई गुळिगी' म्हणाली की आपल्या कानाला ते 'ई!' असं किळस आल्यासारखं वाटतं. तिला किळसबिळस काही आलेली नसते, ती फक्त 'ही गोळी' म्हणतेय.

'बा' म्हणजे कन्नडमध्ये ये. गुजरातीत बा म्हणजे आई. आपल्याकडे खेड्यात बा म्हणजे बाप, आणि विठ्ठलाला पण आपण 'बा विठ्ठला' म्हणतो.

'या' म्हणजे मराठीत आदराने बोलावणं, किंवा 'या गोळ्या' मधला या. हिंदीत 'या' म्हणजे किंवा. 'का' म्हणजे आपल्याकडे प्रश्न, हिंदीत मालकी, 'राम का घर'. 'तो' आपल्याकडे माणूस, हिंदीत 'तर'. 'ही' आपल्याकडे बाई किंवा स्त्रीलिंगी वस्तू, हिंदीत 'च'. 'हो' आपल्याकडे होकार, हिंदीत 'असा/व्हा'. 'ये' आपल्याकडे बोलावणं, हिंदीत 'हे'. 'बस' आपल्याकडे खाली बसायला सांगणं किंवा एसटी, हिंदीत पुरे. 'मत' आपल्याकडे विचार किंवा निवडणुकीतलं मत, हिंदीत हेही अर्थ आहेतच पण शिवाय 'नको' हा पण आहे, म्हणून हिंदीत 'मत दो' एवढंच वाचलं तर मत द्या की देऊ नका हे पुढचं-मागचं बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि 'की'. हा एकटा शब्द एवढा ठिकठिकाणी येतो की त्याला वेगळं लिहायला पाहिजे. मराठीत 'तो म्हणाला की...' मधला की. हिंदीत त्यासाठी ऱ्हस्व 'कि' लिहितात आणि दीर्घ 'की' म्हणजे मालकी, 'दवा की दुकान'. आपल्या शुद्धलेखनात एकाक्षरी शब्दाचा शेवटचा इकार दीर्घ असतो, मी, ती, ही, की, अपवाद 'नि'सारखा एखादाच, त्यामुळे मराठी माणूस हिंदी लिहायला बसला की सवयीने 'उसने कहा की' लिहितो आणि हिंदीवाला वाचताना अडखळतो. त्यावर आमच्या सांगली-कोल्हापूरकडे तिसराच 'की' आहे, आग्रहाचा. 'या की', 'बसा की', 'जेवा की'. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मुलांना पहिले काही दिवस वाटतं की वाक्य अर्धवट राहिलं, या की... काय? काही नाही, वाक्य तिथंच संपलं, प्रेमाने बोलावलंय, आत जायचं. हिंदीवाल्याला तर 'या की' म्हणजे 'किंवा ची' असं काहीतरी अर्थहीन ऐकू येतं.

पायरी ३: दुखण्याचे शब्द

दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये काम करणार नसाल तरी हे वाचा, पेशंटसोबत आलात तरी लागतं.

काउंटरवर कन्नड बाई येते आणि म्हणते 'काल नोवु'. आपण ऐकतो 'काल' आणि समजतो कालपासून दुखतंय. तसं नाहीये. 'नोवु' म्हणजे दुखणं आणि 'कालु' म्हणजे पाय, बोलताना शेवटचा उ पुसट होतो म्हणून 'काल' ऐकू येतं. ती पाय दुखतोय म्हणून सांगतेय. हिंदीत परत काल म्हणजे वेळ किंवा मृत्यू. तसंच 'तले नोवु' म्हणजे डोकेदुखी, तले म्हणजे डोकं. हिंदीत तले म्हणजे खाली, 'पेड़ के तले', आणि आपलं तळं तर वेगळंच. 'होट्टे नोवु' पोटदुखी, यात गोंधळ नाही कारण होट्टे आपल्याला माहीतच नसतं, बघा, परत तोच मुद्दा.

'बायि हुण्णु' म्हणजे तोंड आलंय. बायि म्हणजे तोंड. ऐकताना 'बाई' वाटतं आणि माणूस कुठल्या बाईबद्दल बोलतोय हे शोधायला लागतं मुलगं.

हिंदीवाला म्हणतो 'पीठ में दर्द है'. पीठ म्हणजे त्याची पाठ. आपलं पीठ गिरणीतलं. याची गंमत अशी की संस्कृत 'पृष्ठ' पासून आपल्याकडे 'पाठ' झालं आणि हिंदीत 'पीठ' झालं, आणि आपलं पीठ आलं 'पिष्ट' पासून. दोन वेगळ्या शब्दांनी एकच रूप घेतलं. आणि आपण 'पाठ' म्हणालो की हिंदीवाल्याला शाळेतला धडा आठवतो, म्हणजे दोन्हीकडून चुकायची सोय. 'ऊन' चं पण तसंच, आपलं ऊन 'उष्ण' पासून आलेलं, हिंदीतलं ऊन 'ऊर्णा' पासून, म्हणजे लोकर. उन्हाळ्यात 'ऊन लागलं' म्हणून सांगितलं तर हिंदीवाल्याला लोकर कुठे लागली कळत नाही, त्याला 'लू' किंवा 'धूप' म्हणा.

'सर दर्द' मधला सर म्हणजे डोकं. आपल्याकडे सर म्हणजे शाळेतले सर, पावसाची सर, गळ्यातला सर. 'कळ' सुद्धा लिहिताना जपा. हिंदीत 'ळ' वापरत नाहीत, त्यामुळे पोटात कळ येते हे कोणी हिंदीच्या सवयीने टाईप केलं तर 'कल' होतं, आणि कल म्हणजे हिंदीत काल पण आणि उद्या पण, मराठीत परत निवडणुकीचा कल.

'हाल' सगळ्यात नाजूक. हिंदीत 'क्या हाल है' ही साधी विचारपूस. मराठीत 'हाल झाले' म्हणजे त्रास, यातना. कन्नडमध्ये 'हालु' म्हणजे दूध. कन्नड आज्जी गोळीकडे बोट दाखवून हालु-हालु करत असेल तर तिचे हाल झालेले नाहीत, दुधासोबत घ्यायची का असं विचारतेय. हे महत्त्वाचं आहे कारण काही अँटिबायोटिक दुधासोबत घ्यायचे नसतात, टेट्रासायक्लिन गटातले तर नाहीतच, दुधातल्या कॅल्शियममुळे औषध अंगात नीट उतरत नाही. इथं मान डोलावून मोकळं झालं की झालं नुकसान.

पायरी ४: 'खाली' आणि 'मेले', हे दोन वेगळे शिका

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे दोन नको.

कागदावर हिंदीत छापलेलं असतं 'खाली पेट लें'. हिंदीतलं खाली अरबीतून आलंय, म्हणजे रिकामं. कन्नडमध्ये पण 'खालि होट्टे' म्हणजे रिकामं पोटच. म्हणजे इथं हिंदी आणि कन्नड एका बाजूला आणि आपली मराठी एकटी दुसऱ्या बाजूला, आपल्याकडे खाली म्हणजे वरच्या उलट. आटपाडी-कवठेमहांकाळकडची आज्जी, जिला मराठी वाचता येतं पण हिंदीशी संबंध नाही, ती तो कागद अक्षर-अक्षर लावून वाचते आणि विचारते, 'व्हय ताई, खाली बसून घ्यायची का गोळी?' तिचं काहीच चुकलेलं नाही, तिने जे लिहिलंय ते बरोबर वाचलंय. म्हणून मराठी पेशंटला पाकिटावर पेनाने 'उपाशीपोटी' लिहून द्या, नुसतं तोंडी सांगू नका.

उलटा धोका पण आहे. हिंदीवाल्या पोराला तुम्ही घाईत 'बाटली खाली कर' म्हणालात, म्हणजे खाली घे, तर तो ओतून रिकामी करेल. त्याला 'नीचे रखो' म्हणा.

आता 'मेले'. दवाखान्यांच्या गावात हा शब्द कानावर पडला की नवीन मुलांच्या काळजात धस्स होतं. कन्नडमध्ये मेले म्हणजे वर किंवा नंतर. 'ऊट आद मेले' म्हणजे जेवण झाल्यानंतर. ऊट म्हणजे जेवण (आपल्याला 'ऊठ' ऐकू येतं, तेही वेगळं). समजा काउंटरपलीकडे एक म्हातारे आजोबा, धोतर, हातात प्रिस्क्रिप्शन, आणि ते परत परत म्हणतायत 'ऊट आद मेले? ऊट आद मेले?' आणि अलीकडे नवीन मुलगा पांढराफटक. आजोबा फक्त खात्री करून घेतायत, जेवणानंतर ना? हिंदीत मेले म्हणजे जत्रा, मेळे. एकच लिहिणं, एकीकडे जत्रा, एकीकडे जेवणानंतर, आणि आपल्याकडे माणसं गेली.

जेवणाआधी म्हणायचं तर 'ऊटक्क मुंचे'. हे दोन तुकडे तुमच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

अजून एक याच पंगतीतला, 'अन्न'. मराठीत अन्न म्हणजे सगळंच जेवण. कन्नडमध्ये रोजच्या बोलण्यात अन्न म्हणजे शिजवलेला भात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री 'रात्रीपासून अन्न घ्यायचं नाही' असं मराठीत सांगितलं तर कन्नड माणूस भात सोडेल आणि भाकरी खाईल, आणि त्याच्या बाजूने ते शंभर टक्के बरोबर असेल. म्हणून असं सांगा: काहीच खायचं नाही, भात नाही, भाकरी नाही, चहा नाही, आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते डॉक्टरला विचारून सांगा.

पायरी ५: नाती आणि हाका

इथं औषध चुकत नाही पण माणूस चुकतो. मला गिऱ्हाईक ताई म्हणतं, आपल्याकडे ताई म्हणजे मोठी बहीण. कन्नडमध्ये 'तायि' म्हणजे आई, आणि लहान मुलीला पण मायेने तायि म्हणतात. हिंदीत ताई म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. तीस वर्षांच्या हिंदीवाल्या बाईला तुम्ही ताई म्हणालात आणि तिचा चेहरा उतरला तर कारण हे. तिला 'दीदी' म्हणा. कन्नड बाईला 'अक्का' चालतं, वय जास्त असेल तर 'अव्वा'.

'दादा' आपल्याकडे मोठा भाऊ, हिंदीत आजोबा. 'नाना' आपल्याकडे आदराची हाक, हिंदीत आईचे वडील. सांगलीत तर चौकाचौकात ही नावं आहेत, वसंतदादा पाटील, प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील, त्यामुळे उत्तरेतून आलेला माणूस सहज विचारतो की इथं सगळे पुढारी आजोबाच कसे. त्याला नीट समजावून सांगा, ही माणसं इथल्यांच्या घरातली आहेत म्हणून अशी हाक आहे. 'काका' तर पंजाबीत लहान मुलाला म्हणतात, आणि ट्रकवाल्या सरदारजींना आपण अदबीने काका म्हणतो.

'मग' हा माझा सगळ्यात आवडता. मराठीत मग म्हणजे नंतर. बाथरूममधला मग वेगळा. कन्नडमध्ये मग म्हणजे मुलगा, मगळु म्हणजे मुलगी. अक्षरं अगदी तीच, म आणि ग. कन्नड आई म्हणते 'नन्न मग', माझा मुलगा, तो येऊन औषध नेईल. आणि आपण सवयीने प्रत्येक गोष्टीला 'मग?' 'मग?' करत राहतो, तिला वाटतं ही पोरगी सारखी माझ्या मुलाची चौकशी करतेय.

पायरी ६: शेतातले आणि बाजारातले, थोडक्यात

'मळे' म्हणजे आपल्याकडे द्राक्षाचे, भाजीचे मळे. कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस, ळ सकट तसंच. 'मर' म्हणजे कन्नडमध्ये झाड, 'बेविन मर' म्हणजे कडुलिंबाचं झाड, कोणी कोणाला शिव्या देत नाहीये. 'सरि' म्हणजे बरोबर, ठीक आहे. आपल्याकडे सरी म्हणजे उसाची सरी. 'दारि' म्हणजे रस्ता, आपलं 'दारी' म्हणजे दारात. पत्ता विचारताना हे लागतं. 'ताक' आपल्याकडे प्यायचं, हिंदीत 'ताक में बैठना' म्हणजे टपून बसणं. 'वही' आपल्याकडे लिहायची, हिंदीत 'तोच'. 'सही' आपल्याकडे स्वाक्षरी, हिंदीत बरोबर, बँकेत 'यहां सही करो' म्हटलं तर तो फॉर्ममधली चूक शोधत बसतो, 'दस्तखत' म्हणा.

मोठे शब्द पण आहेत, शिक्षा, चेष्टा, संसार, राजीनामा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे आणि कन्नडमध्ये (शिक्षे) दंड. हिंदीत संसार म्हणजे जग, आपल्याकडे आणि कन्नडमध्ये घरसंसार. हिंदीत राजीनामा म्हणजे समझोत्याचा कागद, आपल्याकडे नोकरी सोडल्याचा. अभिमान आणि गर्व तर अदलाबदल झाल्यासारखे आहेत, आपल्याला अभिमान चांगला आणि गर्व वाईट, हिंदीत बरोबर उलटं. हे शब्द लांब असल्यामुळे लक्षात येतात, त्यात जास्त अडकू नका. फक्त एवढं बघा की जोड्या बदलत राहतात, 'खाली'ला कन्नड हिंदीसोबत गेली होती, 'शिक्षे'ला आपल्यासोबत आली. म्हणून एका शब्दावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही.

'राग' मिरजेत असताना सांगायलाच पाहिजे. सतार-तंबोरे बनवणाऱ्यांचं हे गाव, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर त्यांची कबर पण इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. गाण्यातला राग सगळ्यांना कळतो, पण डोक्यात जाणारा राग फक्त आपला, हिंदीवाल्याला 'मला राग आला' म्हणजे राग गाता आला असं वाटू शकतं. 'गुस्सा' म्हणा.

पायरी ७: व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी

आता हे नवीन दुखणं. लोक मराठी इंग्रजी अक्षरात लिहितात आणि तिथं तर सगळंच एकात एक मिसळतं. 'टी-ओ' म्हणजे आपला तो की इंग्रजीतला टू? 'एच-ई' म्हणजे हे, का इंग्रजीतला ही, का हिंदीतलं है, कारण है पण लोक तसंच लिहितात. 'पी-ए-एन' म्हणजे पण, पान आणि पॅन कार्ड. हे वाचून कळतं तरी, पण आकड्यांचं काय? 'बी-ए-आर-ए' म्हणजे बारा गोळ्या का 'बरा' आहे? 'एस-ए-टी' म्हणजे सात का शनिवार? 'के-ए-एल' लिहून कोणी औषध मागवलं तर काल दिलं होतं ते का उद्या पाहिजे?

उपाय सोपा आहे आणि तो पाळाच: आकडा आकड्यात मागा, दिवस तारखेने मागा. 'उद्या' असं लिहू नका, 'मंगळवार १२ तारीख' लिहा. कन्नडमध्ये उद्याला 'नाळे' म्हणतात, हिंदीत उद्या पण कल आणि काल पण कल, या सगळ्यातून तारीखच सुटका करते.

नर्सिंग करून जर्मनीला जायची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी पण दोन ओळी, कारण तिथं लिपी इंग्रजीसारखीच असते आणि फसगत तीच. जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष, बाटलीवर हा शब्द दिसला तर भेट नाही ती. 'डी-आय-ई' हा मरणाचा शब्द नाही, नामाआधी येणारा साधा शब्द आहे, उच्चार 'डी'. 'फास्ट' म्हणजे जवळजवळ, 'बाल्ड' म्हणजे लवकरच. फ्रेंचमध्ये 'पी-ए-आय-एन' म्हणजे पाव, दुखणं नाही. असल्या शब्दांना फ्रेंच अभ्यासकांनी १९२८ मध्ये 'खोटे मित्र' असं नाव दिलं, ते आता जगभर चालतं.

पायरी ८: स्वतःची यादी करा, पण अशी

बाजारात मिळणाऱ्या 'कन्नड शिका' छापाच्या पुस्तकातून हे मिळत नाही, कारण त्यात मराठी शब्दापुढे कन्नड शब्द असतो, सारखा दिसणारा शब्द नसतो. त्यामुळे यादी स्वतःच करावी लागते. एक छोटी वही घ्या, खिशात मावेल अशी. शब्द एकटा लिहू नका, ज्या वाक्यात ऐकला ते पूर्ण वाक्य लिहा, कोण बोललं (अथणीची आज्जी, मिरजेचे चाचा) तेही लिहा, कारण एकाच भाषेत गावागणिक फरक पडतो. अक्षरक्रम लावायच्या भानगडीत पडू नका, कामाप्रमाणे पानं करा: दुखणं, जेवण, वेळ, नाती, पैसे.

कन्नड शब्द देवनागरीत लिहिताना शेवटचा उ सोडू नका. कालु, हालु, हाडु असंच लिहा, भले ऐकताना काल, हाल, हाड ऐकू येवो. (हाडु म्हणजे गाणं, आपलं हाड नाही.) तो उ लिहिला की निम्मे शब्द आपोआप वेगळे दिसायला लागतात. ल आणि ळ वेगळे ठेवा, ऱ्हस्व-दीर्घ जसं आहे तसं ठेवा.

खात्री करायला दोन माणसांना विचारा, एक इकडचा जतचा, एक पलीकडचा. शिवाय मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि किटेलचा कन्नड-इंग्रजी कोश (१८९४) नेटवर फुकट बघायला मिळतात, जुने आहेत पण शब्द कुठून आला हे त्यात बऱ्याचदा सापडतं. भाषांतराच्या ॲपवर एकटा शब्द टाकू नका, 'मेले' किंवा 'कल' एकटं टाकलं तर ॲपला भाषाच ओळखता येत नाही, तो काहीतरी एक धरून चालतो. पूर्ण वाक्य टाका आणि भाषा स्वतः निवडून द्या.

शेवटचं, काउंटरवर काय लावायचं

एका पुठ्ठ्यावर चार ओळी जाड अक्षरात, मराठी, हिंदी आणि कन्नड तिन्ही भाषांत: उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना. कन्नड ओळी कन्नड वाचता येणाऱ्याकडूनच लिहून घ्या. पेशंट नुसतं बोट ठेवेल तरी काम होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाकिटावर सूर्य, अर्धा सूर्य आणि चंद्र काढायची पद्धत चांगली आहे, त्याशेजारी गोळ्यांइतके ठिपके द्या. आणि पाकीट हातात देण्याआधी पेशंटला त्याच्याच भाषेत, त्याच्याच शब्दांत एकदा परत सांगायला लावा, कधी घेणार, किती घेणार, कशासोबत घेणार. 'कळलं का' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात.